शिबिराचे दहा दिवस आणि रात्रीची पंधरा मिनिटं

गेल्या महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या मराठी मंडळाची बैठक झाली. विषय मुलांच्या मराठीचा. अडीच तास बोलणं चाललं आणि सभेत तीन तट पडले. ज्येष्ठांचं म्हणणं, उन्हाळ्याच्या सुटीत दहा दिवसांचं शिबिर घ्यावं, पुण्याहून चांगली माणसं बोलवावीत, खर्च झाला तरी चालेल. दुसरा तट स्वतः मराठी माध्यमात शिकलेल्यांचा. शाळा बंद पडत होत्या तेव्हा कुणी हललं नाही, आता शिबिरांनी काय होणार, आधी शाळेचं बघा, असा त्यांचा सूर. तिसरा तट तरुण आईबापांचा. पाच-सहा पिढ्या आपण बडोद्यात आहोत, उंबरठा ओलांडला की मुलं गुजराती बोलतात, शाळेत इंग्रजी, त्यात हिंदी. चौथ्या भाषेचं ओझं कशाला? प्रत्येक जण तळमळीने बोलत होता. पण काल रात्री जेवताना आपण आपल्या मुलाशी कोणत्या भाषेत आणि काय बोललो, हे त्या अडीच तासांत ना कुणी विचारलं, ना कुणी सांगितलं.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलाला भाषा येते ती रोजच्या थोड्याशा वापराने, आणि तो वापर घरात, एखाद्या जिवंत माणसासोबत व्हावा लागतो. शिबिर, शाळा, संमेलन यांना किंमत आहे, पण हा रोजचा वापर असेल तरच. मंडळाचा पैसा आणि माणसं आधी या रोजच्या पंधरा मिनिटांच्या पाठीशी उभी राहिली पाहिजेत. आज आपण नेमकं उलटं करतो आहोत.

शिबिरांबद्दल मी बाहेर उभी राहून बोलत नाही. सहा उन्हाळे मी स्वतः शिबिर घेतलं आहे. पहिले दोन दिवस मुलं गप्प असतात. चौथ्या दिवशी वाक्यं फुटायला लागतात आणि आठव्या दिवशी कॅरमच्या पटाभोवती मराठीत भांडणं सुरू होतात. मुलं आपसात मराठीत भांडली की शिकवणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, हे अतिशयोक्त वाटेल, पण माझ्या आलं आहे. घरी मराठी फक्त मोठ्यांची, दटावणीची भाषा असते. शिबिरात ती पहिल्यांदा बरोबरीच्यांची होते. हे घरात कितीही बसलं तरी मिळत नाही. शिबिराच्या बाजूने याहून मोठा मुद्दा नाही आणि तो मला पूर्ण मान्य आहे.

मग अडलं कुठे? पुढच्या मे महिन्यात. आदल्या वर्षी समारोपाला न अडखळता गोष्ट सांगणारी मुलगी यंदा नाव विचारलं तर गुजरातीत उत्तर देते. मी पुन्हा तेच पहिलं पान उघडते. तिसऱ्या वर्षी मी नीट पाहायला लागले की पुन्हा येणाऱ्यांपैकी पुढे सरकलेली मुलं कोणती. अशी चार-पाचच होती. त्यांच्यात हुशारीचा काही सारखेपणा नव्हता. एकाच्या घरी आजी होती आणि ती झोपताना एक गोष्ट सांगायचीच. एका मुलाचे आजोबा सांगलीला. ते रोज रात्री नऊला फोन करून नातवाला विचारायचे, आज काय जेवलास आणि मॅचमध्ये कोणी किती काढले. दहा मिनिटांचा फोन. त्या मुलाचं मराठी शिबिराने घडवलं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? ते त्या फोनने घडवलं होतं. शिबिराने त्याला फक्त जोडीदार दिले.

हिशेब करून पाहा. दहा दिवस, रोज चार तास, म्हणजे चाळीस तास. रोज पंधरा मिनिटं धरली तर वर्षाचे एक्क्याण्णव तास होतात. त्यातले साठ दिवस आजारपणात, लग्नकार्यात, परीक्षेत बुडाले तरी शहात्तर तास उरतात. पण प्रश्न नुसत्या बेरजेचा नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट तो स्वतःच पाठ करायचा आणि किती लक्षात राहिलं ते मोजायचा. त्याला आढळलं की आदल्या दिवशी एकाच बैठकीत ६८ वेळा घोकून जे साधतं, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळांत साधतं. प्रयोग एकाच माणसावरचा आणि भाषा निरर्थक अक्षरांची, हे खरं. तरी पुढे हा नियम पुन्हा पुन्हा पडताळला गेला आहे: एकदम ओतलेलं वाहून जातं, थोडं थोडं दिलेलं मुरतं. लोणचं घालणाऱ्या घरांना हे जर्मनीहून कळायला हवं असं नाही.

आता एक अडचण अशी आहे की ती फक्त बडोद्याच्या मराठी माणसाला कळेल. आपल्या मुलांना मराठी अजिबात येत नाही असं नाही. त्यांचं मराठी गुजरातीत विरघळलेलं आहे. लाटण्याला ती वेलण म्हणतात, पोळपाटाला आडणी, वांग्याला रींगण. ‘चहा थंड झाली’ म्हणतात, कारण गुजरातीत चा स्त्रीलिंगी आणि हिंदीत चायही. पिकलेल्या हापूसला माझी भाची कैरी म्हणायची. तिची चूक नव्हती. गुजरातीत केरी म्हणजे फळ, मग ते कच्चं असो की पिकलेलं, आणि आंबो म्हणजे झाड. आपल्याकडे कच्ची ती कैरी आणि पिकला तो आंबा. हा फरक कोणत्या शिबिरात शिकवणार? तो मे महिन्यात, अढी लावताना, म्हणजे आंबे गवतात पिकायला घालताना, आजीच्या शेजारी बसून कळतो. ‘ही अजून कैरीच आहे, हा आंबा झाला’, असं चार दिवस ऐकलं की मूल तो आयुष्यभर विसरत नाही. भाषेचा मोठा भाग असा असतो, फळ्यावर न मावणारा. चमच्यातला च आणि चिमट्यातला च वेगळे आहेत, हे नियम सांगून कोणाच्या जिभेवर बसलं आहे?

रोजच्या सवयीचं एक मोठं उदाहरण याच दांडिया बाजाराने पाहिलं आहे, आणि बैठकीत ते कोणाला आठवलं नाही याचं मला वाईट वाटलं. अरविंद घोष १८९३ साली इंग्लंडहून परतून बडोदे संस्थानाच्या नोकरीत आले. वडिलांनी घरात बंगाली शिरू दिली नव्हती. सातव्या वर्षी मुलाला विलायतेत ठेवलं, हिंदुस्थानाचा वाराही लागू नये अशा ताकिदीसह. वीस वर्षांचा हा तरुण ग्रीक, लॅटिन, फ्रेंच जाणत होता आणि मातृभाषा जवळजवळ जाणत नव्हता. आजच्या आईबापांना हे ओळखीचं वाटत नाही का? बंगाली त्यांनी मिळवली ती इथे, बडोद्यात. आधी स्वतः वाचून, आणि मग १८९८ च्या सुमारास दीनेंद्रकुमार राय हे बंगाली लेखक त्यांच्याकडे राहायला आले. या मदतीबद्दल अरविंदांनी पुढे जे सांगितलं ते महत्त्वाचं आहे: रोज धडे घेणं असं तिचं स्वरूप नव्हतं. भाषेतलं कच्चं दुरुस्त करणं आणि बोलण्याची सवय लावणं, हे काम. म्हणजे घरात एक माणूस हवा होता, ज्याच्याशी बंगालीत बोलता येईल. पुढे १९०९ साली याच अरविंदांनी ‘धर्म’ हे बंगाली साप्ताहिक चालवलं.

पण या कथेचा दुसरा अर्धाही सांगायला हवा, कारण तो माझ्या बाजूला जड जातो. इतकं करूनही बंगालीतून सभेत भाषण करायला अरविंद धजावत नसत. लिहिता आलं, पण जन्मापासून कानावर पडलेल्या भाषेत माणूस जसा वावरतो तसं वावरता आलं नाही. अरविंदांसारख्या बुद्धीला वीस वर्षांचं अंतर रोजच्या सवयीने पूर्ण भरून काढता आलं नाही. तेव्हा ‘मोठेपणी शिकेल की हवं तर’ म्हणणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावं. मोठेपणी शिकता येतं, पण किंमत मोजावी लागते. पाचव्या वर्षी तीच गोष्ट झोपताना ऐकलेल्या कहाणीत फुकट मिळते.

शाळेची मागणी करणाऱ्यांकडे येते. त्यांचं दुःख खरं आहे. शाळा गेली की भाषेचं लेखन जातं, भाषेतलं गणित जातं, भूगोल जातो, आणि मग ती स्वयंपाकघरापुरती उरते. मला मराठी शाळा हवी आहे. पण शाळा आली की भाषा वाचते, हे खरं आहे का? आयर्लंडकडे पाहा. १९२२ नंतर स्वतंत्र सरकारने आयरिश भाषा शाळाशाळांतून सक्तीची केली. शंभर वर्षांनी, २०२२ च्या जनगणनेत, सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असं नोंदवलं. आणि शाळा-कॉलेजाबाहेर रोज आयरिश बोलणारे किती? सुमारे ७२ हजार. शाळेने भाषा डोक्यात घातली. घराने ती ओठांवर ठेवली नाही. शाळा नसती तर ते १८ लाखही नसते, हेही खरंच. माझं म्हणणं एवढंच, की शाळेची लढाई लढताना घरातलं बोलणं तिच्या निकालापर्यंत थांबवून ठेवू नका. शाळेसाठी सरकारची परवानगी लागते. जेवणाच्या पानावर मराठी बोलायला कोणाची लागते?

तिसऱ्या तटाचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो प्रामाणिक आहे. मराठी कशाला? अभिमानाची भाषणं मला इथे करायची नाहीत. गुजराती ही या मातीची भाषा आहे, तिने आपल्याला दोनशेहून अधिक वर्षं पोटाशी धरलं, आणि ज्या मराठी मुलाला उत्तम गुजराती येत नाही तोही मला अर्धवटच वाटतो. पण ओझं हा शब्द मला पटत नाही. या शहराचा सर्वांत मोठा शिष्य आठवा. १८७५ साली नाशिककडच्या कवळाण्याहून बारा वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा इथे दत्तक आला. त्याला अक्षरओळखही नव्हती. सहा वर्षांत, एलियट नावाच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, ठरलेल्या वेळी, रोज, तो मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी शिकला, आणि १८८१ च्या डिसेंबरात सयाजीराव म्हणून त्याने राज्याची सूत्रं हाती घेतली. त्याला राजवाड्यातले शिक्षक होते आणि अख्खा दिवस होता, आपल्याला नाही, मान्य. पण चार भाषांनी त्याचं डोकं जड झालं असं कोणी म्हणेल का? शिवाय गुजराती येणाऱ्या मुलाला मराठीचा अर्धा रस्ता आधीच चालून झालेला असतो. ळ त्याच्या जिभेवर असतो. तीन लिंगं त्याला माहीत असतात. हिंदी मुलखातल्या मराठी घरांत ‘ते झाड’ शिकवताना जीव मेटाकुटीला येतो. आपल्या मुलांना नपुंसकलिंग शिकवावंच लागत नाही. इतकं भांडवल हातात असताना ते वापरायचं नाही?

वेळेचं काय? दोघं नोकरी करतात, मकरपुऱ्याहून घरी यायला आठ वाजतात, मुलाचा क्लास, स्वयंपाक. पंधरा मिनिटं हा शब्द सभेत उच्चारायला सोपा आहे. हे मी हसण्यावारी नेत नाही. माझी मुलगी लहान असताना मीही याच घाण्याला जुंपलेली होते. म्हणून मी नवी वेळ काढा म्हणत नाही. जी वेळ ठरलेलीच आहे तिला भाषा बांधा. पोळ्या होत असताना मूल ओट्यापाशी उभं असतंच. स्कूटरवर मागे बसलेलं असतंच. अंथरुणात पडल्यावर झोपेला दहा मिनिटं लागतातच. भाजीची यादी तुम्ही लिहिताच. ती मराठीत, त्याच्या हातून लिहून घ्या, आणि मेथी ऱ्हस्व लिहिली तर त्या दिवशी राहू द्या.

काही घरांत आई गुजराती आहे आणि बापाला मराठी वाचता येत नाही. अशा घरांना कोणी कमी लेखू नये. उद्याचं बडोदं त्यांचंच आहे. त्यांना मी सांगते, मुलासोबत तुम्हीही शिका. वय झालं म्हणता? याच शहरात वाढलेले विनोबा पन्नाशीकडे झुकलेले असताना वेल्लोरच्या तुरुंगात तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम शिकायला बसले होते. तुरुंगात वेळ मुबलक असते, हा आक्षेप बरोबर आहे. पण तिथे पोळ्यांचा वास आणि शेजारी बसलेलं मूलही नसतं. अडखळत वाचणारी आई मुलाला जे शिकवते, ते अस्खलित वाचणारा पाहुणा शिकवत नाही: वाचायला चुकलं तरी चालतं, थांबायचं नाही.

एक आक्षेप मात्र असा आहे की ज्याने मला बरेच दिवस सतावलं. रोज केलेली गोष्ट निर्जीव होते. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा होता. शुभं करोति, पाढे, स्तोत्रं. चारशे दिवस म्हणूनही कित्येकांना ‘शत्रुबुद्धिविनाशाय’ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आता मोबाईलवर ॲप आले आहेत, ते सलग किती दिवस झाले याचा आकडा दाखवतात, आणि माणसं भाषेपेक्षा त्या आकड्याला जपतात. रात्री बारा वाजायला पाच कमी असताना चार शब्दांची जुळणी करून आकडा वाचवायचा, ही सवय झाली. भाषा झाली नाही. मग माझी पंधरा मिनिटं याहून वेगळी कशी?

वेगळी आहेत, कारण समोर माणूस आहे. सांगलीच्या आजोबांना कालचंच उत्तर चालत नाही. मॅच रोज वेगळी, जेवण रोज वेगळं, शाळेतलं भांडण रोज वेगळं. मुलाला रोज एखादं असं वाक्य जुळवावं लागतं जे त्याने याआधी कधी उच्चारलं नाही. परवचाने उच्चार दिले, लय दिली, र्‍हस्वदीर्घाचा कान दिला. त्याची किंमत मी कमी करणार नाही. पण परवचा संपल्यावर आजी जी चौकशी करायची, आज बाईंनी काय शिकवलं, डबा का परत आणलास, भाषा खरी त्या चौकशीत शिकली जायची. आपण परवचाही सोडला आणि चौकशीही. त्यातली चौकशी आधी परत आणा.

मंडळाने यात काय करावं? इथेही उत्तर आपल्या शहराच्या इतिहासात आहे. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय सगळ्यांना माहीत आहे, पण त्या योजनेतला मला भिडणारा भाग दुसराच आहे: फिरती वाचनालयं. खेड्यातला माणूस ग्रंथालयापर्यंत येणार नाही, हे त्यांनी धरून चाललं आणि पुस्तकं पेटीत भरून खेड्यापर्यंत पाठवली. आणि त्याआधी, १८९३ साली, सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करताना सगळ्या संस्थानावर एकदम आदेश काढला नाही. अमरेली तालुक्यात आधी करून पाहिलं, १९०६ मध्ये सर्वत्र नेलं. मोठं काम लहान जागी, नेमाने, तेरा वर्षं. आपण मात्र दहा दिवसांत पिढी वाचवायला निघालो आहोत.

पुढच्या रविवारच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. यंदा शिबिर तीन दिवसांचं करावं, तेही दिवाळीनंतर, म्हणजे मुलांना वर्षाच्या मध्ये एकमेकांची ओढ लागेल. उरलेल्या पैशातून कापडी पिशव्या शिवाव्यात. प्रत्येक पिशवीत पाच पुस्तकं: दोन ठळक टाइपातली गोष्टींची, एक कोड्यांचं, एक पाककृतीचं आणि एक मोठ्यांसाठी. महिनाभर पिशवी एका घरात, मग पुढच्या. सोबत एक कोरी वही, जिच्यात त्या घराने एकच पान लिहायचं, मुलाच्या अक्षरात, चुकांसकट, पुढच्या घरासाठी. ज्या घरात आजी-आजोबा नाहीत, त्या घराला मंडळातल्या एका ज्येष्ठाचा नंबर द्यावा. रोज संध्याकाळी दहा मिनिटं फोन, एवढीच जबाबदारी. बैठकीत तळमळीने बोललेल्या कितीतरी ज्येष्ठांची संध्याकाळ रिकामी जाते, हे मला ठाऊक आहे, आणि त्यांच्याकडे जे मराठी आहे ते पुण्याहून येणाऱ्या वक्त्याकडेही नाही.

वाडी भागातल्या आमच्या सोसायटीतली तीन घरं तयार झाली आहेत. त्यातलं एक पूर्ण गुजराती आहे. तिथल्या मुलीची मैत्रीण आमच्याकडची, आणि त्या मुलीला पिशवी आपल्याही घरी यायला हवी आहे. पहिल्या पिशवीचं माप काल घेतलं. वहीच्या पहिल्या पानावर काय लिहायचं ते माझ्या भाचीची मुलगी ठरवते आहे. कालपर्यंत तिने एक ओळ लिहिली होती: ‘आमच्या घरी अढीत बावीस आंबे आहेत आणि नऊ अजून कैऱ्या आहेत.’